नजरेची जकात

जुन्नरहून कोकणात उतरणाऱ्या नाणेघाटाच्या माथ्यावर एक मोठा दगडी रांजण आहे. सातवाहनांच्या काळी कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांकडून जुन्नरच्या पेठेकडे चढणाऱ्या मालावरची जकात या रांजणात जमा होई, असे परंपरा सांगते. परंपरेचा तपशील इतिहाससंशोधकांवर सोपवला, तरी तिच्यातील व्यवहारज्ञान वादातीत आहे. जकात घेणाऱ्याला प्रत्येक बैलामागे बंदरापासून चालत येण्याचे कारण नसते. वाट जेथे अरुंद होते त्या तोंडाशी बसावे आणि जो उंबरठा ओलांडील त्याची नोंद करावी, एवढे पुरते. आज हेच तत्त्व मोबाइल फोनच्या काचेवर अवतरले आहे. मात्र नाणेघाटात जकात देणाऱ्या व्यापाऱ्याला आपण जकात देत आहोत हे ठाऊक असे. फोनवर टोमॅटोचा भाव पाहणाऱ्या नारायणगावच्या शेतकऱ्याला ते ठाऊक नसते.

ही जकात कशी वसूल होते हे समजण्यासाठी थोडा तांत्रिक तपशील ध्यानात घ्यावा लागेल. संकेतस्थळाचे कोणतेही पान जन्मपत्रिकेच्या गुंडाळीसारखे लांबच लांब असते आणि फोनचा पडदा ही तिच्यावर ठेवलेली एक लहान चौकट असते. बोटाने पान वर सरकवले की चौकटीत नवे काही येते आणि जुने बाहेर जाते. एखादे चित्र, एखादा परिच्छेद किंवा एखादी जाहिरात या चौकटीत नेमकी केव्हा आली, हा पानाच्या रचनाकारापुढील प्रश्न. बरीच वर्षे या प्रश्नाचे उत्तर मोठ्या उधळेपणाने काढले जाई. बोट हलले की पानातील आज्ञावली प्रत्येक घटकाला ‘तू आता कोठे आहेस’ असे विचारी. उत्तर देण्यासाठी ब्राउझरला पानाची मांडणी पुन्हा मोजावी लागे. आणि बोटाच्या एका ओढीत हा प्रकार कितीतरी वेळा घडे. पानावर चार जाहिरातसंस्थांच्या चार आज्ञावली असल्या, तर चौघीही हाच प्रश्न स्वतंत्रपणे विचारीत. परिणामी पान अडखळे, फोन तापे, बॅटरी उतरे. महागड्या फोनला हा भार पेलत असे. झळ लागे ती स्वस्त फोन बाळगणाऱ्याला.

2016 साली गूगलच्या क्रोम ब्राउझरमध्ये ‘इंटरसेक्शन ऑब्झर्व्हर’ नावाची सोय आली. 2017 मध्ये फायरफॉक्सने आणि 2019 मध्ये ॲपलच्या सफारीने ती स्वीकारली. चौकट आणि घटक एकमेकांना कोठे छेदतात यावर लक्ष ठेवणारा पहारेकरी, असा या नावाचा अर्थ लावता येईल. आता आज्ञावली क्षणोक्षणी विचारणा करीत नाही. ‘हा घटक चौकटीत शिरला, निम्मा दिसू लागला किंवा पुरता आला, की कळव,’ असे ती ब्राउझरला एकदाच सांगून ठेवते, आणि हिशेब ब्राउझर स्वतः ठेवतो. चौकटीबाहेर थोडा समास धरून आगाऊ सूचना मागण्याचीही तरतूद आहे. नाशिककडे जाणाऱ्या एस.टी.चा वाहक कळंब मागे पडताच नारायणगावची हाक देतो, म्हणजे उतारू आपली बोचकी आवरून दाराशी येतात. तसाच हा प्रकार.

या सोयीत मुळात वाईट असे काही नाही. उलट गरीब वाचकाच्या हिताचे तिच्यात पुष्कळ आहे. पानाच्या तळाशी वीस छायाचित्रे असतील आणि वाचक पहिल्या दोन परिच्छेदांवरूनच परत फिरणार असेल, तर ती वीस छायाचित्रे त्याच्या फोनवर उतरवण्यात काय हशील? पहारेकऱ्याची वर्दी आल्यावरच चित्र मागवावे, या रीतीला ‘लेझी लोडिंग’ म्हणतात, आणि 2019 पासून क्रोममध्ये ती स्वतंत्र आज्ञावली न लिहिता नुसत्या एका शब्दाने साधता येऊ लागली. आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यातील वाड्या-वस्त्यांवर, जेथे सिग्नल येतो आणि जातो, तेथे या आळसाचे मोल मोठे आहे. जुलै 2024 मध्ये देशातील तिन्ही मोठ्या खाजगी दूरसंचार कंपन्यांनी एकापाठोपाठ दर वाढवले, तेव्हापासून तर न पाहिलेल्या चित्राचा भुर्दंड कोणी सोसावा हा प्रश्न अधिकच रोकडा झाला आहे. यंत्र तटस्थ असते असे म्हणतात ते इतपत खरे आहे.

परंतु या पहारेकऱ्याची नेमणूक मुख्यतः वाचकाचा पैसा वाचवण्यासाठी झाली, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. त्याच्या मूळ प्रस्तावातच जाहिरात दिसली की नाही हे मोजणे, हा एक प्रमुख उपयोग म्हणून उघडपणे नोंदवलेला होता. त्यामागे जाहिरातदारांची एक जुनी तक्रार होती. पानाच्या तळाशी, जेथे कोणी पोहोचतच नाही, तेथे लावलेल्या जाहिरातीचे बिल त्यांच्याकडून वसूल होत असे. तक्रार रास्त होती. तिच्या पोटी अमेरिकेतील जाहिरातव्यवसायाने 2014 साली एक माप ठरवले. चित्रमय जाहिरातीचा निदान निम्मा भाग सलग 1 सेकंद चौकटीत राहिला, तर ती ‘दिसण्याजोगी’ ठरली. चलच्चित्राला 2 सेकंद. पुढे हे माप व्यवहारात सर्वत्र रूढ झाले. नजरेचा शेर आणि मापटे असे ठरले. हे माप ठरवणाऱ्या बैठकीत जाहिरात देणारे होते, जाहिरात छापणारे होते, दोघांमधील दलाल होते. ज्याची नजर मोजायची तो मात्र तेथे नव्हता.

अर्थशास्त्राला हा विषय अगदीच नवा नाही. माहितीचा सुकाळ झाला की माहिती जे खाऊन जगते त्या अवधानाचा दुष्काळ पडतो, हा विचार हर्बर्ट सायमन यांनी 1971 सालीच मांडला होता. 1978 चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. 1977 साली डॅलस स्माइद या कॅनडातील विचारवंताने त्यापुढचे पाऊल टाकले. जाहिरातींवर चालणारी प्रसारमाध्यमे काय विकतात, असा प्रश्न त्यांनी मार्क्सवाद्यांनाच विचारला. बातमी किंवा करमणूक हे त्यांच्या मते केवळ आमिष. खरा विक्रीचा माल म्हणजे प्रेक्षकसमूह, आणि तो जाहिरातदाराला विकला जातो. स्माइद यांच्या काळी हा माल घाऊक आणि अंदाजाने विकला जाई. नभोवाणी किती जण ऐकतात, वृत्तपत्र किती खपते, यावरून ठोकताळे बांधले जात. आज तोच माल सुट्या दराने, व्यक्तीगणिक आणि सेकंदाच्या हिशेबाने विकला जातो. पहारेकऱ्याने घडवलेले परिवर्तन ते हेच.

हा बाजार कसा चालतो हे जुन्नर आणि आंबेगावच्या शेतकऱ्याला समजावून सांगण्याची फारशी गरज पडू नये, कारण बाजाराचे शहाणपण त्याने टक्केटोणपे खाऊन मिळवले आहे. एके काळी शेतमालाची विक्री हत्ता पद्धतीने होई. रुमालाखाली अडत्या आणि खरेदीदार एकमेकांची बोटे दाबून भाव ठरवीत, आणि ज्याचा माल, तो शेतकरी शेजारी उभा राहून नुसता रुमालाकडे पाही. ही रीत मोडण्यासाठी बाजार नियमनाचे कायदे झाले. महाराष्ट्राचा कृषी उत्पन्न पणन कायदा 1963 चा. उघड लिलाव, तपासलेली वजने आणि शेतकऱ्याच्या हातात हिशेबपट्टी, हा त्या कायद्यांचा गाभा. नारायणगावच्या किंवा मंचरच्या बाजारात माल उतरवणाऱ्याला आज निदान एवढे कळते की वजन किती भरले, भाव काय फुटला, हमाली आणि तोलाई किती गेली. 2016 साली फळे आणि भाजीपाल्यावरची आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यावी असाही निर्णय झाला. बाजार समित्यांचे दोष पुष्कळ आहेत आणि त्यांवर टीका झालीच पाहिजे. परंतु माल ज्याचा त्याला हिशेब मिळाला पाहिजे, हे तत्त्व तेथे कायद्याने मान्य झालेले आहे.

नजरेच्या बाजारात आजही रुमाल पसरलेलाच आहे. शेतकरी बाजारभावाचे पान उघडतो तेवढ्या अवधीत, डोळ्याचे पाते लवते न लवते तोच, त्याच्यापुढे कोणाची जाहिरात मांडायची याचा लिलाव यंत्रायंत्रांत पुरा होतो. मग पहारेकरी वर्दी देतो की निम्मी जाहिरात चौकटीत आली, एक सेकंद भरला. व्यवहार पक्का झाला आणि पैसे एका खिशातून दुसऱ्या खिशात गेले. तराजू इतका काटेकोर आहे की नारायणगावच्या आडतीवरील काट्याने लाजावे. हिशेबपट्टी मात्र ज्याची नजर तोलली गेली त्याला कधीच मिळत नाही. आपल्या पानावर किती पहारेकरी बसले आहेत, ते कोणाला वर्दी देतात आणि ती वर्दी किती दिवस जपून ठेवली जाते, हे त्याला समजण्याचा सरळ मार्ग नाही.

यावर एक नेहमीचा युक्तिवाद केला जातो, आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. वाचकाला बाजारभाव, हवामान, बातम्या हे सारे फुकट मिळते. त्याचा खर्च जाहिरातदार उचलतो. मग तक्रार कशाची? या युक्तिवादात ‘फुकट’ हा शब्द तपासून घ्यावा लागेल. जाहिरातीचे चित्र वाचकाच्या फोनवर उतरते ते त्याने विकत घेतलेल्या डेटातून. जाहिरातीचा खर्च कंपनी पदरचा करीत नाही. तो बियाण्याच्या, खताच्या, कीटकनाशकाच्या किमतीत मिसळून त्याच शेतकऱ्याकडून वसूल होतो. आणि तिसरा खर्च वेळेचा, जो कोणत्याच ताळेबंदात दिसत नाही. तीन वाटांनी दाम मोजून मिळालेल्या वस्तूला फुकट म्हणणे हे हिशेबाला धरून नाही. जाहिराती बंद कराव्यात असा याचा अर्थ नव्हे. दाम दिले जात असेल, तर दाम देणाऱ्याला ग्राहकाचे हक्क मिळाले पाहिजेत, इतकाच अर्थ.

या हिशेबात आणखी एक मूलभूत खोट आहे. चौकटीत येणे आणि दिसणे एक नव्हे; दिसणे आणि पाहणे एक नव्हे; पाहणे आणि समजणे तर मुळीच एक नव्हे. पहारेकऱ्याला कळते ते पहिलेच. घटकाचा किती भाग चौकटीत आहे एवढे तो सांगतो. 2019 साली क्रोममध्ये आलेली त्याची सुधारित आवृत्ती तो घटक दुसऱ्या कशाखाली झाकला गेला आहे काय हेही तपासू लागली. पण चौकटीसमोर माणसाचा डोळा आहे की फोन बांधावर ठेवून मालक मोटार सुरू करायला गेला आहे, हे तिलाही उमगत नाही. बोट फार जोरात फिरले, तर मधले घटक नोंद न होताच निसटून जाऊ शकतात. म्हणजे मोजले जाते ते केवळ क्षेत्रफळ आणि वेळ. त्यालाच ‘नजर’ हे नाव देऊन विकले जाते.

मोजता येते तेच वाढवण्याचा हव्यास हा भांडवली उत्पादनपद्धतीचा स्वभाव आहे, आणि येथेही त्याचे प्रत्यंतर येते. नजरेचे सेकंद विकायचे असतील, तर सेकंद वाढले पाहिजेत. 2006 च्या सुमारास अझा रॅस्किन या रचनाकाराने न संपणाऱ्या पानाची कल्पना मांडली. तळ जवळ आला अशी वर्दी मिळताच खाली आणखी मजकूर जोडायचा, म्हणजे वाचक तळाला कधी पोहोचतच नाही. पुढे खुद्द रॅस्किन यांनी या कल्पनेच्या परिणामांबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. पुस्तकाला शेवटचे पान असते, सभेला आभारप्रदर्शन असते, कीर्तनाला आरती असते. थांबण्याची जागा ठरवून देणे हा संस्कृतीचा एक मोठा शोध आहे. तळ नसलेली विहीर खणणाऱ्याने तहान भागवली असे म्हणता येत नाही.

प्रश्न जाहिरातींपुरता असता, तर एक वेळ त्याकडे काणाडोळाही करता आला असता. परंतु ‘चौकटीत आले म्हणजे पोहोचले’ हा समज आता शासनव्यवहारातही शिरतो आहे, आणि तेथे गमवायचे ते याहून कितीतरी मोठे आहे. मूळ आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले. विस्थापनाची अशी आठवण ज्या तालुक्याच्या नावातच आहे, तेथील माणसाला जमिनीच्या नोटिशीचे मोल वेगळे सांगायला नको. 2013 च्या भूसंपादन कायद्याने प्राथमिक अधिसूचना शासनाच्या संकेतस्थळावर टाकण्याची तरतूद केली. पण तेवढ्यावर न थांबता राजपत्र, स्थानिक भाषेतले वृत्तपत्र, ग्रामपंचायत आणि तहसील कार्यालय येथेही ती प्रसिद्ध करण्याचे बंधन घातले. हे शहाणपण टिकवले पाहिजे. ‘यादी संकेतस्थळावर टाकली होती’ या एका वाक्याने जबाबदारीतून मोकळे होण्याचा मोह कार्यालयांना पडतो. जुन्नर आणि आंबेगावच्या अनुसूचित क्षेत्रात 1996 च्या पेसा कायद्याने ग्रामसभेला विशेष स्थान दिले आहे. ग्रामसभेत वाचून दाखवलेला कागद दहा माणसे ऐकतात, शंका विचारतात, हरकत नोंदवतात. पडद्यावरून सरकत गेलेल्या कागदाला हे भाग्य नाही.

संमतीचेही तेच. लांबलचक अटींच्या तळाशी पोहोचल्याखेरीज ‘मान्य आहे’ ही कळ उघडत नाही, अशी पाने सर्वांच्या परिचयाची आहेत. तळ चौकटीत आला याची वर्दी पहारेकरी देतो आणि ती वाचल्याचा पुरावा मानली जाते. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने संमती मुक्त, विशिष्ट, माहितीपूर्ण आणि स्पष्ट कृतीने दिलेली असावी असे म्हटले आहे, आणि संमतीची विनंती सोप्या भाषेत, इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत वाचण्याची मुभा दिली आहे. मराठी त्या अनुसूचीत आहे. कायद्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये प्रसिद्ध झाले, आणि कंपन्यांवरील प्रमुख कर्तव्यांना 18 महिन्यांची मुदत देण्यात आली. या मुदतीत कंपन्या तयारी करतीलच. प्रश्न आहे तो नागरिकांनी आणि त्यांच्या संघटनांनी काय तयारी करायची हा.

ज्या 2014 साली जाहिरातीच्या एका सेकंदाचे माप ठरले, त्याच वर्षी 30 जुलैच्या सकाळी आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर डोंगर कोसळला. सुमारे दीडशे माणसे गाडली गेली. बाहेरच्या जगाला याची वार्ता लागली ती नेहमीच्या फेरीवर आलेल्या एस.टी.च्या चालकाला गाव जागेवर दिसले नाही म्हणून. या दोन घटनांचा परस्परांशी तांत्रिक संबंध काही नाही, आणि जाहिरात मोजणाऱ्या यंत्राने दरड थोपवली असती असे कोणी म्हणणार नाही. परंतु समाज आपले पहारेकरी कोठे बसवतो, यावरून त्याची मूल्ये ओळखता येतात. ज्या युगात अर्धी जाहिरात एक सेकंद दिसल्याची नोंद सातासमुद्रापलीकडे तत्काळ पोहोचते, त्याच युगात आख्खे गाव दिसेनासे झाल्याची नोंद एका कष्टकरी चालकाच्या डोळ्यांनी घ्यावी लागते. कौशल्याची उणीव नव्हती. कौशल्य कोणाच्या चाकरीला आहे, हा प्रश्न होता आणि आहे.

म्हणून मागण्या नेमक्या असाव्यात. पहिली, सातबारा, बाजारभाव, पीकविमा, नुकसानभरपाई यांसंबंधीच्या शासकीय संकेतस्थळांनी काटकसरीची शिस्त पाळावी. मजकूर आधी, चित्र वाचक तेथवर आला तरच. आणि या पानांवर जाहिरातीचा पहारेकरी एकही नसावा. दुसरी, खाजगी पानांवर वाचकाला मराठीत हिशेबपट्टी मिळावी. किती पहारेकरी, कोणाचे, कशासाठी आणि नोंद किती दिवसांची, हे एका दृष्टिक्षेपात कळावे आणि नकार देण्याची कळ होकाराच्या कळीइतकीच मोठी असावी. तिसरी, पडद्यावर सरकलेला मजकूर वाचला गेला असे कायद्याने कधीही गृहीत धरू नये. हक्कांवर परिणाम करणारी नोटीस चावडीवर लागलीच पाहिजे आणि ग्रामसभेत वाचली गेलीच पाहिजे. चौथी, पानाला शेवट असावा, आणि तळ लांबवायचा की नाही हे वाचकाने ठरवावे.

यांपैकी एकही मागणी तंत्राच्या आवाक्याबाहेरची नाही. पहिली तर आजच्या आज पुरी करता येईल, कारण तिच्यासाठी लागणारे साधन ब्राउझरमध्ये तयारच आहे. बाजार समितीतला रुमाल आपोआप उचलला गेला नव्हता. वजने तपासा आणि लिलाव उघडा करा, असे शेतकऱ्यांनी आणि त्यांच्या कार्यकर्त्यांनी वर्षानुवर्षे ठणकावून सांगितल्यावर तो उचलला गेला. हा दुसरा रुमाल कापडाचा नसून काचेचा आहे, आणि काचेतून आरपार दिसते असा भास होतो, म्हणून तो अधिक फसवा आहे. नारायणगावच्या बाजारात पट्टी मागितल्याशिवाय न हलणारा शेतकरी जेव्हा आपल्या फोनकडेही तीच पट्टी मागेल, तेव्हा या बाजाराच्या नियमनाला खरी सुरुवात होईल. ती मागणी त्याच्यापर्यंत नेणे हे पुरोगामी चळवळीचे काम आहे, आणि ते चावडीवर, ग्रामसभेत, महाविद्यालयाच्या वर्गात, माणसामाणसांत बसून करावे लागेल.